‘कुंकू’ कानांनी पाहावा

व्ही. शांतारामांचं नाव निघालं की कुणाला ‘झनक झनक पायल बाजे’चे रंग आठवतात, कुणाला ‘पिंजरा’तल्या लावण्या. मी मात्र विद्यार्थ्यांना आधी १९३७ चा ‘कुंकू’ दाखवतो आणि सांगतो, पडद्याइतकंच लक्ष आवाजाकडे द्या.

मराठी बोलपट तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला १९३२ मध्ये. बोलपट म्हणजे गाणी आणि सतत वाजणारा वाद्यमेळ, हा शिरस्ता पडू लागला होता. ‘कुंकू’त शांतारामांनी पार्श्वसंगीतच काढून टाकलं. ऐकू येतं ते त्या घरातलंच. नायिका नीरा गाते तेव्हा साथीला घरातला ग्रामोफोन असतो.

कथा ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीची. मामाने फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपट्यांची नीरा रडत बसत नाही; ती भांडते. केशवराव दात्यांचे काकासाहेब मिशांना कलप लावतात, आरशासमोर तरुण होऊ पाहतात. पुढे आरसा फुटतो आणि काचेच्या तुकड्यातुकड्यांतून त्यांचंच म्हातारपण त्यांच्याकडे पाहतं. सारंगी नाही, भाष्य नाही. प्रेक्षकाने काय वाटून घ्यायचं, हे वाद्यं सांगत नाहीत म्हणूनच तो प्रसंग अंगावर येतो.

हे धाडस आलं कुठून? माझं उत्तर कोल्हापूरकडे बोट दाखवतं. शांताराम घडले ते बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, मूकपटांच्या काळात. पडेल ते काम करत ते शिकले. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये जमीन गमावलेला तरुण शेतकरी त्यांनीच रंगवला. संवाद नसताना वस्तू, चेहरा आणि उजेड यांच्याकडून बोलवून घेण्याची विद्या तिथली. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात काढली, ती ही विद्या गाठीशी बांधूनच. दामल्यांसारखा ध्वनीचा जाणकार भागीदार घरातच होता, हेही विसरून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. काकासाहेबांच्या विधवा, समाजसेविका मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. प्रत्यक्षातही त्या संततिनियमनाच्या चळवळीत झटल्या. सुधारणेची भाषा इथे तोंडदेखली नव्हती.

पुढे ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) आले. १९४२ मध्ये शांतारामांनी प्रभात सोडून मुंबईत राजकमल स्टुडिओ उभारला. तिथल्या भव्यतेचा मी आदर करतो. पण दिग्दर्शक होऊ पाहणाऱ्याने त्यांच्याकडून पहिलं काय शिकावं असं विचाराल, तर तंत्र हाताशी असूनही ते कुठे वापरायचं नाही, हे ठरवण्याची त्यांची हिंमत.