मायफळाची शाई

आपल्याकडे घरात मूल जन्माला आले की बाळगुटीची डबी निघते. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, हिरडा अशी एकेक वस्तू उगाळावयाची, आणि कशाचे किती वेढे द्यावयाचे हे घरातल्या आजीने ठरवावयाचे, असा हा परिपाठ. त्या डबीत गोटीएवढे, करड्या रंगाचे, अंगावर टेंगळे असलेले एक मायफळ असते. चवीला ते कमालीचे तुरट. बाळाचे पोट बिघडले तर आजी त्याचा एखादा वेढा जास्त देते. या मायफळाविषयीच्या दोन गोष्टी मात्र बहुतेक आज्यांनाही ठाऊक नसतात. पहिली ही, की मायफळ हे फळच नव्हे. आणि दुसरी ही, की युरोपातल्या राजांच्या सनदा, धर्मग्रंथांच्या पोथ्या, संगीतकारांच्या स्वरलिपी आणि चित्रकारांची रेखाटने यांतला फार मोठा भाग शतकानुशतके या मायफळाच्या शाईत उतरलेला आहे.

तुर्कस्तान, सीरिया, इराण या बाजूला ओक वृक्षाची एक खुजी जात होते. गांधीलमाशीच्या गोत्रातला, पण चिलटाएवढा एक कीटक तिच्या कोवळ्या अंकुरात अंडे घालतो. आत अळी वाढू लागली की झाड तिच्याभोवती गाठ धरते आणि त्या गाठीत आपले तुरट द्रव्य ओतून ठेवते. ही गाठ म्हणजेच मायफळ. सीरियातील अलेप्पोच्या बाजारातून जाणारी मायफळे उत्तम समजली जात. त्यांतही आतला कीटक बाहेर पडण्यापूर्वी तोडलेली अधिक कसदार. ज्याला भोक पडलेले दिसते त्यातला पाहुणा निघून गेला आणि कसही कमी झाला, असे खुशाल समजावे.

हे तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, आणि लोखंड यांची गाठ पडली की काळा रंग जन्मतो. माझे रसायनशास्त्र मॅट्रिकपाशीच थांबले. पण एवढे कळावयास प्रयोगशाळा लागत नाही. लोखंडी विळीवर आवळे चिरणाऱ्या बाईची बोटे काळी का होतात? केसांना लावावयाची मेंदी आवळकाठी आणि चहाचे पाणी घालून रात्रभर लोखंडी कढईतच का भिजवतात? उत्तर एकच. शाई करणारे लोक लोखंडाच्या जागी हिराकस घेत. मायफळे कुटून पाण्यात भिजवावयाची, तो अर्क गाळून त्यात हिराकस विरघळवावयाचा आणि वर बाभळीच्या जातीचा डिंक घालावयाचा, झाली शाई. गंमत अशी की अर्क आणि हिराकस एकत्र आल्याबरोबर रंग पुरता काळा होत नाही. हवा लागेल तसतसा तो गडद होत जातो. आज लिहिलेली फिकी ओळ उद्या अधिक ठसठशीत दिसते.

मायफळ आणि लोखंड यांचे हे वैर म्हणा की सख्य म्हणा, फार पूर्वीपासून माणसाला ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन पंडित प्लिनी याने जंगालात हिराकसाची भेसळ आहे की नाही हे ओळखण्याची युक्ती लिहून ठेवली आहे: मायफळाच्या अर्कात भिजवलेला पपायरस घ्यावा, भेसळ असेल तर तो काळा पडतो. चौथ्या शतकातली ‘कोडेक्स सिनाइटिकस’ ही बायबलची प्रसिद्ध पोथी या जातीच्या शाईत लिहिलेली आहे. १२१५ सालची इंग्लंडची ‘मॅग्ना कार्टा’ ही सनद तीत आहे. लिओनार्दो दा विंचीची कितीतरी टिपणे व रेखाटने तिच्यात आहेत, आणि रेम्ब्रांटचीही.

आपली परंपरा वेगळी. आपल्या पोथ्या नि मोडी दप्तरे मुख्यतः काजळाच्या शाईतली. दिव्याची काजळी धरावयाची, डिंकाच्या पाण्यात ती दिवसचे दिवस खलावयाची आणि बोरूने लिहावयाचे. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपल्याकडेही होत असे; सह्याद्रीत हिरड्याला तोटा नाही, आणि तुरटपणात तो मायफळाच्या पंक्तीला बसणारा आहे. पण मान काजळाचा. काजळ म्हणजे शुद्ध कोळसा. त्याला ना ऊन फिके करीत, ना हवा. त्याची खोड एकच. ते कागदावर बसते, कागदात शिरत नाही. ओल्या बोटाने पुसले तर अक्षर निघून येते. उलट मायफळाची शाई कागदाच्या तंतूंत उतरते, तिथेच काळी होते आणि मग पाण्याला दाद देत नाही. सनद लिहिणाऱ्याला याहून अधिक काय हवे? कोणी चाकूने खरवडल्याखेरीज शब्द पुसता येत नाही.

पण आत शिरणारी वस्तू आत जाऊन काय करील, याचा हिशेब पूर्वीच्या लोकांनी मांडला नव्हता. हिराकसापासून या शाईत गंधकाचे तीव्र आम्ल तयार होते, ते कागदाचे तंतू तोडते. मायफळाला पुरून उरलेले लोखंड मोकळे राहते, ते हवेच्या मदतीने कागद जाळीत राहते. हे काम वर्षे, शतके चालते. योहान सेबास्टियन बाख हा थोर संगीतकार १७५० साली वारला. त्याच्या हस्तलिखितांतून स्वरांची भरीव टिंबे जिथे शाईने ठासून भरली होती, तिथे पुढे कागद गळून भोके पडली. इसवी सन २००० च्या सुमारास बर्लिनच्या राज्यग्रंथालयाने ती वाचविण्याचे मोठे काम हाती घेतले. अतिशय जर्जर पाने पुढची बाजू आणि मागची बाजू अशी उभी दुभंगून, मध्ये मजबूत पातळ कागद घालून पुन्हा चिकटविण्यात आली. एका पानाचे दोन पदर करणारे ते हात किती स्थिर असतील! नेदरलंड्समध्ये योहान नेव्हेल या संशोधकाने दुसरी वाट शोधली. धान्याच्या कोंड्यात सापडणाऱ्या फायटिक आम्लाचा क्षार तो मोकळे लोखंड धरून ठेवण्यासाठी वापरतो. जगात आज पुष्कळ ठिकाणी याच रीतीने जुने कागद जपले जातात.

कागदाला खाणारी शाई दुसऱ्या बाजूने प्रकाशाला भिते. अमेरिकेचा १७७६ सालचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा १८४१ ते १८७६ एवढा काळ खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगलेला होता. ती अक्षरे आज इतकी पुसट झाली आहेत की अनेक सह्या वाचता येत नाहीत.

तेव्हा प्रश्न मात्रेचा होता, अगदी बाळगुटीच्या वेढ्यांसारखा. विल्यम लुइस नावाच्या इंग्रज रसायनज्ञाने निरनिराळ्या प्रमाणांत शाया करून पाहिल्या आणि १७६३ साली आपला निष्कर्ष छापला: तीन भाग मायफळ, एक भाग हिराकस. हिराकस वाढवला की शाई आरंभी झकास काळी दिसते, पण टिकत नाही. पुष्कळ जुन्या कृतींत तो याहून जास्तच असे.

यापुढची पायरी एका डॉक्टराने गाठली. हेन्री स्टीफन्स हा कवी कीट्स याचा वैद्यकीच्या शिक्षणातला सोबती. लंडनमध्ये दोघे एकाच बिऱ्हाडात राहत. कीट्सने वैद्यकी सोडून कविता धरली. स्टीफन्सने वैद्यकी केली आणि १८३२ साली शाईचा धंदा काढला. जुनी शाई दौतीतच काळी होई, म्हणजे तिच्यात अविद्राव्य काळे कण तयार होत आणि ते गाळासारखे खाली बसत. स्टीफन्सने शाई हवेपासून राखून ती विरघळलेलीच ठेवली. पण मग लिहिताना अक्षर दिसावे कसे? त्यासाठी तिच्यात निळा रंग घातला. अक्षर निळे उमटावयाचे आणि हवा लागली की कागदातच काळे व्हावयाचे. आपण लहानपणापासून दुकानात ‘ब्लू-ब्लॅक’ मागत आलो. त्या नावाचे मूळ हे आहे. निळा आणि काळा यांच्या मधला तो रंग नव्हता, तो आधी निळा आणि मग काळा असा प्रवास होता. १८५५-५६ च्या सुमारास ड्रेस्डेनच्या आउगुस्ट लेओनहार्डी याने नीळ आणि मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा रंग घालून अशीच शाई केली व तिला ‘अलिझारिन’ हे नाव दिले.

या शाईवाचून फाउंटनपेनाची कल्पना करणे कठीण आहे. १८८४ साली न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमनने आपल्या पेनाचे पेटंट घेतले. शाई खाली उतरावी आणि तितकीच हवा वर जावी, यासाठी त्याने निबेखालच्या जिभेत केसासारख्या बारीक खाचा पाडल्या. अशा खाचांत काजळाची शाई गेली की कण अडकून वाट बंद. ज्या शाईला साहेब ‘इंडिया इंक’ म्हणतो ती तर लाखेसह सुकते आणि पेन जन्माचे बसते. पाण्यासारखी वाहणारी, तरी सुकल्यावर पाण्याला न जुमानणारी शाई त्या काळी एकच होती. मात्र ती विरघळलेली राहावी म्हणून आम्ल हवे, आणि आम्लाने पोलादी निब गंजते. फाउंटनपेनाला सोन्याची निब बसू लागली ती नुसत्या ऐटीसाठी नव्हे. सोन्याला ही शाई खात नाही. सोने मऊ, म्हणून टोकाला इरिडियमसारख्या कठीण धातूचा कण जोडावयाचा.

१८९० साली श्लुटिग आणि नॉयमान या जर्मन रसायनज्ञांनी दस्तऐवजी शाईचे एक आदर्श माप ठरवून दिले: लिटरभर शाईत २३.४ ग्रॅम टॅनिक आम्ल, ७.७ ग्रॅम गॅलिक आम्ल, ३० ग्रॅम हिराकस. पेनाला एवढी कडक मात्रा सोसत नाही, म्हणून आजच्या पेनांच्या शायांत हे सारे पुष्कळ सौम्य असते. अशा शाया अजून होतात. जपानची ‘प्लॅटिनम’ ब्लू-ब्लॅक, जर्मनीतील ‘रोरर अँड क्लिंगनर’ची ‘सालिक्स’, इंग्लंडची ‘डायमाइन रजिस्ट्रार्स’ या त्यांतल्या. शेवटचीचे नाव पाहा. इंग्लंड-वेल्समध्ये विवाहाच्या नोंदवह्या याच जातीच्या शाईने लिहीत. ४ मे २०२१ पासून तिथली नोंद संगणकावर गेली.

चित्रकारांनाही या शाईचा लोभ आहे, आणि कारण तेच. पेनाने रेघ काढावी, ती वाळू द्यावी आणि वरून जलरंगाचा हात फिरवावा. रेघ फिसकटत नाही. पाणी घालून पातळ केली तर करड्या रंगाच्या सावल्या मिळतात. एक पथ्य आहे. काढताना जी रेघ दिसते ती अखेरची नव्हे. ती नंतर गडद होणार, हे मनात धरून हात हलका ठेवावा लागतो. आणि फार पुढे ती तपकिरीही होऊ शकते. व्हॅन गॉग १८८८ साली फ्रान्सच्या आर्ल गावी तिथल्याच वेताच्या लेखण्या, म्हणजे आपले बोरूच, कापून चित्रे काढीत होता. त्याने काळ्या काढलेल्या कित्येक रेघा आज तपकिरी झाल्या आहेत. आपण जे पाहतो ते त्याने पाहिलेले चित्र नव्हे.

मी शाळामास्तर. माझ्या दृष्टीने या सगळ्याचे मोल आमच्या कपाटातल्या जनरल रजिस्टरात आहे. आजोबांची जन्मतारीख, पणजोबांची जात, कोणाचे मूळ गाव, यासाठी माणसे एस.टी.ने लांबून येतात. पेन्शन, वारसा, दाखला, सारे एका ओळीवर टांगलेले. जुन्यात जुन्या वहीतली अक्षरे गंजासारखी तपकिरी झाली आहेत, पानाच्या मागे उमटली आहेत, एकदोन ठिकाणी जाड फाट्यांशी कागदही चिरला आहे; पण वाचता येतात. नंतरच्या एका वहीत कोणी धुवून जाणारी सुरेख निळी शाई वापरली. एका पावसाळ्यात छप्पर गळले. त्या पानांवर आज फक्त छापील रेघा आहेत आणि मधे फिकट निळा ढग. एक म्हातारी बाई त्यातल्या एका पानावर आपल्या मुलाचे नाव शोधत बराच वेळ बसून होती. तिला मी काय दाखवणार?

म्हणून ज्यांना टिकाऊ लिहावयाचे आहे त्यांना दोन गोष्टी सांगतो. फाउंटनपेनासाठी म्हणून जी शाई विकली जाते तीच भरावी. टाकाने लिहिण्याची कडक शाई भरू नये, दुसऱ्या शाईत मिसळू नये. पेन नित्य वापरावे, आठवडा दोन आठवड्यांनी साध्या पाण्याने धुवावे आणि वापरावयाचे नसेल तर रिकामे करून ठेवावे. बाटली लहान घ्यावी. तळाशी गाळ दिसू लागला की तिचे दिवस भरले. सदऱ्यावर डाग पडला तर साबणाकडे धावू नये, साबणाने तो पक्का होतो; आधी लिंबू चोळावे. लिहिलेले पान उन्हात आणि ओलीत ठेवू नये.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पुष्कळ घरांतून नि पेढ्यांवरून वही आणि लेखणी यांची पूजा होते. यंदा पूजेनंतर त्या वहीच्या पहिल्या पानावर घरातल्या सगळ्यांची नावे आणि जन्मतारखा अशा शाईने लिहून ठेवा. लिहिताना अक्षर निळे दिसेल. भाऊबीजेला वही पुन्हा उघडून पाहा. ते काळे झालेले असेल.