‘तोर्ग’ : एका बाजारवाचक शब्दाची भ्रमंती

फिनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील तुर्कू हें त्या देशांतील सर्वांत जुनें नगर. १८१२ पर्यंत राजधानीचा मानही त्याजकडेच होता. या नांवाचा तुर्क लोकांशीं कांहीं एक संबंध नाहीं. जुन्या फिनी भाषेंत ‘तुर्कू’ म्हणजे बाजार. आणि हा शब्द फिनी लोकांनीं पूर्वेकडील रशियन व्यापाऱ्यांपासून उचलला. त्या व्यापाऱ्यांचा मूळ शब्द ‘तोर्ग’. मौज ही कीं, हाच ‘तोर्ग’ बाल्टिक समुद्र ओलांडून स्वीडिश भाषेंतही गेला व तेथून ‘तोरी’ या रूपानें फिनी भाषेंत पुन्हां परत आला. एकाच पाहुण्यास दोन दरवाजांनीं घरांत घेतल्यासारखें हें झालें! आजही तुर्कूच्या मध्यवर्ती चौकास ‘तोरी’ म्हणतात; म्हणजे अर्थ पाहूं गेल्यास ‘बाजाराचा बाजार’.

स्लाव भाषांत हा शब्द घरोघर आढळतो. पोलिश लोक ‘तार्ग’ म्हणतात. झेक लोकांचा ‘तृह’ व सर्बांचा ‘तृग’ ऐकून आपल्यास संस्कृतांतील ऋकाराची आठवण व्हावी. व्होल्खोव्ह नदीनें दुभंगलेल्या नोव्हगोरोद शहराचा एक भाग ‘तोर्गोवाया’ म्हणजे व्यापाराची बाजू म्हणून प्रसिद्ध आहे. मॉस्कोचा जगद्विख्यात लाल चौकही पूर्वीं नुसता ‘तोर्ग’ होता. दक्षिणेकडील स्लावांत तर खरेदी-विक्रीचा अर्थ मागें पडून ‘तृग’ म्हणजे शहरांतील मोकळा चौक असाच अर्थ मुख्यतः रूढ झाला आहे. जर्मनींतील एल्बे नदीकांठचें तोर्गाऊ, जेथें २५ एप्रिल १९४५ रोजीं अमेरिकन व रशियन सैन्यांची गांठ पडली, तेंही या शब्दापासूनच नांव मिळालेलें गांव होय.

परंतु सर्वांत बोधप्रद उदाहरण रुमानियांतील आहे. रुमानियन ही लॅटिनची कन्या. तरीही बाजारासाठीं तिनें ‘तर्ग’ हा स्लाव शब्दच पत्करला. तेथील तर्गू मुरेश या गांवास हंगेरियन लोक मारोशवाशार्हेय म्हणतात. मुरेश किंवा मारोश ही नदी. उरलेल्या भागाचा अर्थ दोन्ही भाषांत बाजारच. मात्र हंगेरियन ‘वाशार’ हा इराणी भाषांतून आलेला, आपल्या ‘बाजार’ शब्दाचाच सख्खा भाऊ होय. एकाच गांवाच्या दोन नांवांत दोन व्यापारी जगें अशीं शेजारीं शेजारीं बसलीं आहेत.

मग हा शब्द मूळचा स्लावांचाच काय? येथें पंडितांत एकमत नाहीं. कांहीं त्याचें मूळ तुर्की भाषांत शोधतात. परंतु एड्रियाटिक समुद्राच्या टोंकाशीं असलेल्या त्रिएस्ते शहराचें प्राचीन नांव ‘तेर्गेस्ते’ होतें, आणि तेथील लोकांचा उल्लेख सीझरच्या गॉलयुद्धवृत्तांतास हिर्टियसनें जोडलेल्या आठव्या खंडांत, म्हणजे ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतच आहे. स्लाव त्या बाजूस आले तें सहाव्या शतकाच्या सुमारास! जवळच्या ओदेर्त्सोचें जुनें नांव ‘ओपितेर्गियम’. आल्बेनियन भाषेंतही बाजारास ‘त्रेग’ म्हणतात. ही साक्ष पाहतां, स्लाव हे या शब्दाचे जनक नसून वाहक असावेत, हाच पक्ष आम्हांस सयुक्तिक वाटतो. राष्ट्राभिमान्यांस हें रुचेल असें नाहीं.

खुद्द रशियनांत आज बाजारास ‘रीनोक’ हा जर्मन वळणाचा शब्द किंवा ‘बाझार’ म्हणतात. ‘तोर्ग’ उरला तो मुख्यतः व्यापार व घासाघीस या अर्थीं. ही वाटणी बरीच जुनी दिसते. त्वेर येथील व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत चौल, जुन्नर या मार्गानें बीदरपर्यंत आला. विक्रीसाठीं त्यानें बरोबर एक घोडा आणला होता. आळंद येथें वर्षांतून एकदां भरणाऱ्या मोठ्या जत्रेचें वर्णन त्यानें लिहून ठेविलें आहे. त्या जत्रेस तो ‘बाझार’ म्हणतो. परंतु सारा देश तेथें जमून काय करतो हें सांगतांना मात्र ‘तोर्गोवाती’ हें घरचें क्रियापदच त्याच्या लेखणींतून उतरतें.