लिओनार्दोचा नोकरीचा अर्ज

नोकरीच्या अर्जात आयुष्य सनावळीने मांडावे की आपल्याला येणारी कामे आधी सांगावीत, हा प्रश्न पाचशे वर्षांहून जुना आहे.

इ. स. १४८२च्या सुमारास, तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधारी लुडोविको स्फोर्झा याच्यासाठी चाकरी मागणारे पत्र तयार केले. त्याचा मसुदा मिलानच्या अँब्रोसियन ग्रंथालयात, ‘कोडेक्स अटलांटिकस’ या संग्रहात आहे. अक्षर मात्र दुसऱ्याचे आहे.

पत्रात दहा कलमे आहेत. वाहून नेता येणारे हलके पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढणे, भुयारे, तोफा, आच्छादित गाडे, जहाजे. पहिली नऊ कलमे युद्धाचीच. दहाव्यात शांततेच्या काळातील इमारती आणि पाणी खेळवणे. शिल्प व चित्रकला त्यानंतर येतात. गुरूचे नाव नाही, पूर्वीच्या कामांची यादी नाही.

या मांडणीमागे मला दोन कारणे दिसतात. पहिले, वाचणाऱ्याची गरज. १४८२मध्ये फेराराच्या युद्धात मिलान व्हेनिसविरुद्ध उतरले होते. दुसरे कारण अर्जदाराचे. फ्लॉरेन्समध्ये १४७८ साली मिळालेले वेदीचित्राचे काम त्याने पुरे केले नव्हते. १४८१चे मागींच्या पूजनाचे चित्रही अर्धेच राहिले. लॅटिनचे रीतसर शिक्षण नव्हते. सनावळी लिहिली असती, तर हेच आधी नजरेत भरले असते. पदवीशिवाय दप्तरे चाळत आलेल्या माझ्यासारख्याला त्याची ही अडचण चांगली कळते.

पण कौशल्ये पुढे केली की वाचणारा विचारणारच, पुरावा काय? लिओनार्दोने त्याची तजवीज केली होती. यातले काही अशक्य वाटले, तर आपल्या बागेत किंवा म्हणाल तिथे करून दाखवतो, असा त्याच्या शेवटच्या वाक्याचा आशय आहे.

मिलानमध्ये त्याचे नाव झाले ते मात्र पत्रात शेवटी आलेल्या कलांमुळे. लुडोविकोच्या वडिलांच्या स्मारकातील घोड्याची मातीची प्रचंड प्रतिकृती १४९३मध्ये लोकांनी पाहिली. ओतकामासाठी ठेवलेले कांसे पुढच्याच वर्षी तोफांसाठी गेले. ‘द लास्ट सपर’ हे भित्तिचित्रही त्याच आश्रयातले.

आजही ज्याची नोकरी सलग आहे, त्याने कालक्रमच धरावा; तो पडताळायला सोपा असतो. ज्याच्या वाटेत खंड आहे किंवा ज्याने क्षेत्र बदलले आहे, त्याने कामे आधी मांडावीत. मात्र प्रत्येक कामापुढे ते कुठे केले हे लिहावे, नाहीतर करून दाखवायची तयारी ठेवावी.