मुदतीचा ताप

उल्हास आणि पाताळगंगा ह्या नद्यांच्या खोऱ्यातले कर्जत-खालापूर हे आमचे तालुके पावसाचे. आवणीला खाचरं तुडुंब भरतात आणि त्याच दिवसांत ताप घरात शिरतो. जुनी माणसं दोन ताप सांगायची. हुडहुडी भरून येणारा तो थंडीताप, म्हणजे हिवताप; हा डासाचा. रोज थोडा थोडा चढत अंगात मुरतो तो मुदतीचा, म्हणजे टायफॉईड. हा घाण मिसळलेल्या पाण्याचा. एकाच पावसात खाचरात डास वाढायचा आणि लोंढ्याबरोबर विहिरीत घाण उतरायची.

मुदतीचा म्हणजे मुदत भरली की आपोआप उतरणारा, असा समज. औषधच नव्हतं, तेव्हा वाट बघण्याशिवाय माणूस करणार काय? १९४८ च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉल निघालं. औषध खेड्यापाड्यांत पोचलं, तरी समज काही गेला नाही.

हिवतापावर मात्र सरकारनं मोठी मोहीम काढली. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत, असा अंदाज आहे. १९५३ साली नियंत्रणाचा, १९५८ साली निर्मूलनाचा कार्यक्रम आला. घराघरांत डीडीटी फवारलं गेलं. १९६५ च्या सुमारास देशातले रुग्ण लाखाच्या आसपास आले. सगळ्यांना वाटलं, गेला एकदाचा. पण डास डीडीटीला दाद देईनात, फवारणी ढिली पडली, आणि १९७६ साली ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले.

त्याच सुमाराची गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबाच होता. धाकटी काकी पहिलटकरीण, सातवा महिना, आणि ताप भरला. घरात निवाडा झाला, मुदतीचा आहे, थांबा. पेज पाजत राहिले. बाराव्या दिवशी ती मोकळी झाली. पोर ओंजळीएवढं, रात्रसुद्धा काढली नाही. काकी वाचली, पण वर्षभर पांढरीफटक होती. रक्त कुणी तपासलंच नव्हतं.

पोटुशी बाईला हे ताप जास्त का छळतात, ते मला फार उशिरा वाचायला मिळालं. मेंदूत जाणाऱ्या जातीच्या हिवतापाचे जंतू वारेत दडून बसतात. बोटाच्या रक्तात कधी कधी दिसतही नाहीत. आईचं रक्त आटतं, पोर पोटात खुरटतं. पहिल्या खेपेला धोका सगळ्यांत जास्त. टायफॉईडमध्येही गर्भ पडण्याची, अपुऱ्या दिवसांत बाळंत होण्याची भीती असते.

आता गावात आशाताई आहे, तिच्याकडं हिवताप तपासायची पट्टी आहे. तरी एक घोळ उरतोच. हिवताप असला तरी टायफॉईडची विडाल चाचणी कधी कधी खोटीच होकारार्थी येते. म्हणून एका चिठ्ठीवर विसंबू नये, दोन्ही तापांचा नीट तपास डॉक्टरांकडून करून घ्यावा. घरात उरलेली गोळीही देऊ नये. हिवतापावरचं प्रायमाक्विन गरोदर बाईला देतच नाहीत.

मुदत हा शब्द आमच्या वाडवडिलांनी नाइलाजानं घेतला होता. आता तो सावकाराच्या आणि बँकेच्या कागदावरच राहू द्या. घरातल्या अवघडलेल्या लेकीसुनेला ताप भरला, तर त्याच दिवशी रक्त तपासा.