तापीचे पाणी आणि चलथाणचा ऊस

सुरतेहून भुसावळकडे निघालेली गाडी उधना सोडते आणि थोड्याच वेळात चलथाण येते. पलसाणा तालुक्यातले हे गाव. सपाट काळी जमीन, पाटाचे पाणी, ऊस आणि सहकारी साखर कारखाना. जवळच कडोदऱ्याला मुंबईचा महामार्ग आणि बारडोलीचा रस्ता एकमेकांना छेदतात.

तापी व्हॅली रेल्वे १९०० साली सुरतेपासून अमळनेरपर्यंत पोचली. खानदेशचा माल याच मार्गाने सुरतेकडे आला आणि मागोमाग माणसेही आली. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडची किती कुटुंबे सुरतेत रुजली हे लिंबायत-दिंडोलीत फिरताना कळते. तिथे अहिराणी आजही घरातली भाषा आहे.

ऊस मात्र बराच नंतरचा. पूर्वी या पट्ट्यात कापूस आणि ज्वारी होत असे. १९५०च्या दशकात काकरापारचा बंधारा झाला, १९७२मध्ये उकाई धरण पुरे झाले, आणि कालव्यांच्या पाण्यावर शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्यांनी साखरेचा मुलूख उभा केला.

या पाण्याची किंमत वरच्या खोऱ्याने मोजली. उकाईच्या जलाशयात सोनगड, उच्छल, निझर भागातली आदिवासींची गावे बुडाली. उच्छल-निझरचा मुलूख तर १ मे १९६०पर्यंत पश्चिम खानदेशातच होता. जमीन गेलेल्यांपैकी अनेकांनी पुढे हातात कोयता घेतला आणि त्याच पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला ते खाली उतरले. चलथाणच्या इतिहासातली ही सर्वांत कठोर गोष्ट आहे.

दिवाळीनंतर धुळे, नंदुरबार आणि डांगमधून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, फेडेपर्यंत सुटका नाही. हंगामात पोटापुरती खावटी मिळते, तीही हिशेबातून वळती होते. राहायचे ते पडावात, पाचटाच्या किंवा प्लॅस्टिकच्या झोपडीत. स्थानिक हळपती आदिवासी मजूर हाताशी असताना बाहेरची माणसे का आणतात, हा प्रश्न डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकात बारडोलीत विचारला. उत्तर सरळ होते: घरापासून दूर, उचलीने बांधलेला मजूर रात्री-अपरात्री गाडी भरायलाही उभा राहतो.

गुजरात सरकारने २०२३मध्ये तोडणीचा किमान दर टनाला २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला. दर दुप्पट झाला, हे चांगलेच झाले. आता पडावात पिण्याचे पाणी, संडास आणि मुलांसाठी हंगामी शाळा हवी. वर्षाचे पाच-सहा महिने इथे राबणारी ही माणसे चलथाणची रहिवासीच आहेत. पंचायतीने आणि कारखान्याने त्यांना तसेच वागवावे.