न संपणारा हिशेब: ‘कॉर्टेक्स कमांड’ या खेळाची जडणघडण

ज्या संगणकीय खेळात पात्र बाजूने दिसते आणि ते चालू लागताच मागची भूमी पडद्यावर आडवी सरकत जाते, त्याला साइड-स्क्रोलर म्हणतात. १९८०च्या दशकात आर्केडमधील यंत्रांवर रूढ झालेल्या या प्रकारात लढाई म्हणजे बहुतांशी आधी काढून ठेवलेल्या चित्रांची मालिका असे. ठोसा लागला की नाही एवढेच यंत्र तपासत असे, आणि लागला असेल तर शत्रूचे कोसळतानाचे ठरावीक चित्र दाखवून त्याच्या शक्तीतून ठरावीक अंक वजा केले जात. याउलट भौतिकीवर आधारलेल्या लढाईत घावाचा परिणाम आधी काढून ठेवलेला नसतो. वस्तूचे वस्तुमान, तिचा वेग आणि समोरच्या पदार्थाचा चिवटपणा यांचे गणित त्या त्या क्षणी मांडून तो ठरवला जातो.

या पद्धतीची मुळे जुनी आहेत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९६२ साली स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या ‘स्पेसवॉर’ या खेळातच मधल्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण दोन्ही यानांना ओढत असे. १९९८ साली फिनलंडमधून आलेल्या ‘लिएरो’मध्ये परस्परांवर गोळ्या झाडणारे किडे भोवतालची माती पोखरत जात. मात्र लढणारे शरीर आणि त्याच्या पायाखालची जमीन या दोहोंना एकाच गणिताखाली आणण्याचा सर्वांत हट्टी प्रयत्न ‘कॉर्टेक्स कमांड’ या खेळात झाला, आणि त्याच हट्टामुळे तो खेळ पूर्णत्वाला जाऊ शकला नाही, असे त्याच्या इतिहासावरून दिसते.

डॅनियल टाबर यांनी २००१ साली या खेळाचे काम हाती घेतले आणि अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात त्यांच्या ‘डेटा रेल्म्स’ या छोट्या संस्थेच्या नावाखाली ते वर्षानुवर्षे चालू ठेवले. मोठ्या प्रकाशकाच्या भांडवलाशिवाय एकट्याने किंवा मूठभर माणसांनी केलेल्या अशा निर्मितीला इंडी म्हणतात. खेळातील कल्पना अशी की, भावी काळात मेंदू शरीराबाहेर काढून सुरक्षित ठेवला जातो आणि दुरून अनेक शरीरे चालवतो. खेळाडू जमिनीतून सोने खणतो, त्या बदल्यात सैनिक आणि शस्त्रे मागवतो, ती अग्निबाणाने आकाशातून उतरतात, आणि ज्याचा मेंदू नष्ट होतो तो हरतो.

या खेळातील जमिनीचा प्रत्येक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरील चित्राचा सर्वांत लहान ठिपका, कोणत्या ना कोणत्या पदार्थाचा असतो आणि प्रत्येक पदार्थाला त्याचा चिवटपणा नेमून दिलेला असतो. गोळीचा संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, पुरेसा असेल तर ती पदार्थात शिरते आणि तिथला ठिपका सुटून स्वतंत्र कण म्हणून उडतो. शरीरेही सांध्यांनी जोडलेल्या तुकड्यांची असतात. मर्यादेपलीकडे बल लागले की हात निखळतो आणि तो निखळलेला हातही वजनदार वस्तू म्हणून कुठेतरी जाऊन आदळतो. सर्वांत विलक्षण गोष्ट चालण्याची आहे. इथले पाय आखून दिलेल्या मार्गावरून फिरत प्रत्यक्ष जमिनीला रेटा देतात आणि त्या रेट्याने धड पुढे सरकते, त्यामुळे खडबडीत जागी सैनिक अडखळतो, उतारावर कलंडतो, आणि कुणीही न लिहिलेली शोकांतिका किंवा प्रहसन पडद्यावर घडते. या कलाप्रकाराचे खरे सौंदर्य इथे आहे.

परंतु जे कुणी लिहिलेले नाही ते दुरुस्त करणेही दुष्कर असते. संगणकाने चालवलेल्या सैनिकाने शोधलेली वाट पुढच्याच स्फोटात नाहीशी होऊ शकते; उतरणारे यान आपल्याच माणसावर कोसळू शकते; ढिगाऱ्यात रुतलेले शरीर कसे बाहेर काढावे याचे एकच उत्तर नसते. चित्रमालिकेच्या खेळात दोष एका चित्रात सापडतो, तर इथे तो अनेक नियमांच्या परस्परसंबंधात दडलेला असतो, आणि एक नियम बदलला की दहा ठिकाणचे वर्तन बदलते. या कष्टाला आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल.

दरम्यान अपुऱ्या अवस्थेतच या खेळाचा लौकिक वाढला. २००९च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये त्याला तांत्रिक उत्कृष्टतेचा आणि प्रेक्षकपसंतीचा असे दोन पुरस्कार मिळाले, तर डिसेंबर २०१०मध्ये, ग्राहकाने स्वतः किंमत ठरवून विकत घ्यायच्या ‘हंबल इंडी बंडल’च्या दुसऱ्या संचात तो ‘ब्रेड’ आणि ‘मशिनारियम’ यांसारख्या पूर्ण झालेल्या खेळांच्या पंक्तीत बसला. काम चालू असतानाच खेळ विकण्याच्या प्रथेला ‘स्टीम’ या विक्रीमंचाने २०१३ साली ‘अर्ली ॲक्सेस’ हे अधिकृत नाव दिले; ‘कॉर्टेक्स कमांड’ची विक्री त्याआधीच तशी चालू होती. सप्टेंबर २०१२मध्ये तो स्टीमवर आला तो मात्र १.० या क्रमांकासह, म्हणजे पूर्ण झाल्याच्या घोषणेसह, आणि अडखळणारी मोहीम व असंख्य दोष पाहून पैसे मोजलेले अनेक खेळाडू नाराज झाले. त्यांची तक्रार रास्त होती. अपूर्णता क्षम्य असली, तरी तिच्यावर पूर्णत्वाची मोहोर उमटवल्यावर ग्राहकाचा हक्क वेगळा होतो.

तरीही हा खेळ टिकला, याचे कारण त्याच्या रचनेत होते. पात्रे, शस्त्रे आणि पदार्थ यांचे गुणधर्म साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले होते आणि त्यांचे वर्तन लुआ या, ब्राझीलमध्ये १९९३ साली जन्मलेल्या, सुटसुटीत आज्ञाभाषेत बदलता येत असे. त्यामुळे खेळाडूंनी स्वतः रचलेल्या भरींचा, म्हणजे ‘मॉड’चा, मोठा संग्रह उभा राहिला. २०१९ साली मूळ आज्ञावली मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुली करण्यात आली. तेव्हापासून तिच्यावर स्वयंसेवक काम करत आले असून, जुन्या मॉडच्या फायली नव्या आवृत्तीत चालाव्यात म्हणून त्यांचे रूपांतर करणारे साधनही त्यांनी घडवले आहे.