‘वंध्य’ हा शिक्का कसा पुसला गेला?

१/ बोस्टन, १९४२. हॅरी क्लाइनफेल्टर व सहकाऱ्यांनी नऊ पुरुषांची नोंद प्रसिद्ध केली. वृषणे लहान, शुक्राणुनिर्मिती ठप्प. मूत्रात पियुषिका ग्रंथीचे संप्रेरक मात्र वाढलेले.

२/ १९५९ मध्ये एडिनबरो येथे पॅट्रिशिया जेकब्स व जॉन स्ट्राँग यांना अशाच एका रुग्णात एक जादा एक्स गुणसूत्र आढळले. या पुरुषांस स्वतःचे मूल होणे अशक्य, असेच दीर्घकाळ मानले गेले.

३/ १९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या संशोधकांनी एकच शुक्राणू थेट अंडपेशीत सोडून गर्भधारणा साधली. आता वृषणातून शस्त्रक्रियेने मोजके शुक्राणू मिळाले तरी पुरेसे होते. १९९८ मध्ये न्यूयॉर्कहून क्लाइनफेल्टरग्रस्त पुरुषांच्या अपत्यजन्माचे वृत्त आले.

४/ मग शस्त्रक्रियेपूर्वी टेस्टोस्टेरॉन द्यावे काय? परिणाम उलटा होतो. ते बाहेरून मिळाले, की पियुषिका आपले संदेश आवरते आणि शुक्राणुनिर्मिती मंदावते. म्हणून वृषणालाच ते निर्माण करण्यास प्रवृत्त करणारी क्लोमिफेन, एचसीजी यांसारखी औषधे वापरात आली.

५/ त्यांनी शुक्राणू मिळण्याची शक्यता वाढते काय? अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२० ची मार्गदर्शिका सांगते : पुरावा तोकडा आहे, आणि रुग्णास ते आधीच सांगावे.